पहिली स्पोर्ट्‌स बाइक: टप्पे कोणी ठरवायचे?

उत्साही: दादा, मी केटीएम आरसी ३९० घ्यावी म्हणते, आणि त्यामागे नुसती हौस नाही. सगळे सांगतात, आधी दीडशे सीसीची घे, वर्षभर चालव, मग वीक आणि मोठी घे. त्या सल्ल्यात रजिस्ट्रेशन दोनदा, विमा दोनदा, शिवाय नवी गाडी विकताना होणारा तोटा वेगळाच. त्यापेक्षा एकदाच चांगली गाडी का घेऊ नये? ३७३ सीसी, ४३.५ पीएस, वजन १७२ किलो. गाडी वळणात झुकलेली असतानाही काम करणारं एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, खालचा गिअर घाईत टाकला तरी मागचं चाक लॉक होऊ न देणारा स्लिपर क्लच. पूर्वी हे सगळं फक्त महागड्या सुपरबाइकवर असायचं, आज ते आपल्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतं. नवख्याच्या हातून चुका होणारच. मग त्या सांभाळून घेणारी गाडी त्याच्यासाठी जास्त योग्य नाही का?

साशंक: तू सांगितलेली यंत्रणा खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. पण तिचं सगळं काम टायरची पकड राखण्याचं आहे. नवख्याच्या बहुतेक चुका पकड सुटायच्या आधीच झालेल्या असतात. तो वळणात जास्त वेगाने शिरतो. घाबरून कठड्याकडे बघतो, आणि जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते. वळणाच्या मध्यावर मूठ एकदम सोडतो. यातली एकही चूक एबीएस सुधारत नाही. साधा हिशेब कर. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर पोचायला एक सेकंद धर, नंतर चांगल्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारलास तरी थांबायला आणखी २० मीटर. म्हणजे ३७. ताशी ९० ला हेच अंतर २५ अधिक ४५, म्हणजे ७० मीटर होतं. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. आणि ३९० वर ६० वरून ९० वर जायला मनगट किती फिरवावं लागतं? ती तिसऱ्या गिअरमध्येच शंभरी ओलांडते. वेग वाढल्याचं शरीराला कळायच्या आत तो वाढलेला असतो. माझी हरकत तेवढ्यावर आहे.

उत्साही: पण अपघात खरंच वेगाने होतात की कौशल्य नसल्याने? हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. तो अहवाल १९८१ चा आहे, पण या विषयात आजही सगळे त्याच्याकडेच वळतात. अपघाताआधीचा मध्यक वेग त्यांना ताशी सुमारे ४८ किलोमीटर आढळला. जिथे दुसरं वाहन होतं, तिथे सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनचालकाने मोटारसायकलवाल्याचा हक्काचा रस्ता कापला होता. आणि चालवणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक एकतर स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. ४८ चा वेग तर आपल्याकडे कुठलीही १०० सीसीची गाडी गाठते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ती सगळी काही स्पोर्ट्‌स बाइकवर नव्हती. छोटी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, या समजुतीला आधार कुठे आहे?

साशंक: त्याच सरकारी आकडेवारीत मृत्यूंच्या कारणांत अतिवेगाचा वाटा ७१ टक्क्यांवर आहे, तोही लक्षात ठेव. पण तुझा मुद्दा मी टाळत नाही. छोट्या गाडीवर माणूस आपोआप सुरक्षित होतो, असं मी म्हणतच नाही. हर्ट यांच्या अहवालातली दुसरी गोष्ट बघ. ऐन संकटात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून ठेवला आणि पुढचा जेमतेम वापरला. गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. म्हणजे कौशल्य हाच गाभा असेल, तर प्रश्न असा होतो की ते कोणत्या गाडीवर लवकर येतं. ४८ च्या वेगात, शहरात, आरसीवर बसून बघ. हँडल खाली, पेग मागे, वजन मनगटांवर. हँडल कमी वळतं म्हणून अरुंद रस्त्यात यू-टर्न एका दमात होत नाही. सिग्नलला इंजिनाची गरमी पायांना लागते. सीटची उंची ८२४ मिलिमीटर. रस्ता एका बाजूला उतरता असला आणि पायाखाली खडी आली की उभी गाडी कलंडते. या पडण्यात हाड मोडत नाही, पण फेअरिंग मोडतं, लिव्हर मोडतो आणि आत्मविश्वास मोडतो. शिकण्यासाठी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

उत्साही: उंचीचा मुद्दा निघणार हे माहीतच होतं. शोरूमपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येकाने मला विचारून झालंय, झेपेल का? दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत हा नियम कोणी केला? थांबताना सीटवर थोडं सरकून डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा. ही सवय करता येते. शिवाय नुसत्या मिलिमीटरवर जाऊ नकोस, सीट पुढे किती निमुळती आहे त्यावरही पाय टेकणं ठरतं. बसण्याच्या पद्धतीचंही तसंच. मनगटं दुखतात, कारण माणूस हातांवर रेलतो. गुडघ्यांनी टाकी धरली, पोट आणि पाठ कामाला लावली, तर हात मोकळे राहतात. पुढे झुकून बसण्यालाही अर्थ आहे. वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते चाक काय करतंय ते हातांना कळतं. मला वळणं शिकायची आहेत, ताम्हिणी, आंबोली, वरंधा नीट, स्वच्छ रेषेत चालवायचे आहेत. मग उभ्या हँडलच्या गाडीवर वर्षभर एक पद्धत शिकून ती नंतर विसरायची कशाला?

साशंक: गुडघ्यांचा मुद्दा पटला. उंचीबद्दलही तू म्हणतेस ते बरोबर आहे. झेपेल का, हा प्रश्न बाईलाच विचारला जातो आणि सहा फुटी नवख्याला कोणी विचारत नाही, हे चुकीचंच आहे. त्याच्याही हातून तितक्याच चुका होतात. पण आता तूच घाटांचं नाव काढलंस, तर रस्त्यांकडे बघू. राज्यातले सर्वांत वेगवान रस्ते मोटारसायकलला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बंद, समृद्धी बंद, अटल सेतू बंद, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद. चौपदरी महामार्गावर मर्यादा ताशी ८०. ट्रॅक म्हणशील तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचं कारी, दोन्ही राज्याबाहेर आणि लांब. राहिले घाट. तिथे वळणावर खडी असते, ट्रकमधून सांडलेलं डिझेल असतं, जूनच्या पहिल्या सरीनंतर रस्ता निसरडा होतो, समोरून एसटी अर्धी आपल्या बाजूला येते, पावसाळ्यात धबधब्यापाशी माणसं रस्त्यातच उभी असतात. अशा जागी ४३ पीएसचं काय काम? घाटात हवा नेमकेपणा. ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, डावीकडे वळताना डावं हँडल किती हळुवार पुढे ढकलायचं, हे शिकायचं असतं. त्याला १८ पीएस भरपूर आहेत. यामाहा आर१५ मध्ये तेवढेच आहेत.

उत्साही: म्हणजे स्पोर्ट्‌स बाइकला तुझी हरकत नाही? तू साधी १६० सीसीची गाडी घे म्हणशील, असं मी धरून चालले होते.

साशंक: माझी हरकत जास्त ताकदीला आहे. स्पोर्ट्‌स बाइक म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक इंजिन, दुसरी गाडीची घडण, म्हणजे चौकट, सस्पेन्शन, ब्रेक, टायर. २००३ ची करिझ्मा आठव. २२३ सीसी, १७ पीएस, तेव्हा तीच आपल्याकडची स्पोर्ट्‌स बाइक. २००८ मध्ये आर१५ आली ती दीडशे सीसीचं इंजिन घेऊन, पण त्याला लिक्विड कूलिंग होतं, चार व्हॉल्व्ह होते आणि भोवती डेल्टाबॉक्स चौकट होती. इंजिन जेवढी मागणी करू शकेल, त्यापेक्षा घडण कितीतरी पुढची. नवख्यासाठी हे प्रमाण मोलाचं आहे. आजची आर१५ १५५ सीसी, १८.४ पीएस, वजन १४० किलोंच्या आसपास. तिच्यावर वळणातला वेग टिकवावा लागतो, कारण गमावलेला वेग मूठ पिळून लगेच परत मिळत नाही. रेषा चुकली की गाडी लगेच मंदावते आणि चूक तिथल्या तिथे कळते. ३९० वर तीच चूक वळण संपताच ताकदीखाली झाकली जाते. चालवणाऱ्याला वाटतं, जमलं.

उत्साही: चूक झाकली जाते हा मुद्दा मी लिहून ठेवते, त्यावर परत येऊ. पण कमी ताकदीचाही धोका असतो, त्याबद्दल तू गप्प आहेस. आर१५ ची पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला मिळते आणि टॉर्क जेमतेम १४ न्यूटन-मीटर. महामार्गावर लांबलचक ट्रेलरच्या बाजूने पुढे जायचं असतं, मागच्या सीटवर माणूस आणि समोर चढ असेल तर बघायलाच नको. जेवढे सेकंद त्या ट्रेलरच्या बाजूला काढायचे, तेवढे सेकंद त्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात राहायचं. ३९० चा टॉर्क ३७ आहे. ती तिथून चटकन निघते. मग ताकद हीच सुरक्षितता नाही का?

साशंक: त्या बोलण्यातलं निम्मं बरोबर आहे. धोक्याच्या जागी कमी वेळ राहणं चांगलंच. पण ओव्हरटेक करायचा की नाही, हा निर्णय त्याच्या आधी येतो. कमी ताकदीच्या गाडीवर तो निर्णय आधीपासून करावा लागतो. गिअर कोणता, समोर जागा किती, चढ आहे का, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की थांब. जास्त ताकदीच्या गाडीवर हा विचार न करताही नव्वद वेळा निभावतं, आणि निभावलं म्हणून आपला अंदाज बरोबर होता असं वाटू लागतं. आता पैशाचं बघ, कारण तू एकदाच खर्च करायचा म्हणालीस. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याहून मोठ्या मोटारसायकलवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याची पायरीही ३५० लाच बदलते. २०२२ च्या दरांत वरच्या पायरीचा हप्ता दुपटीहून जास्त होता, आणि नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. ३७३ सीसीची गाडी दोन्हीकडे वरच्या गटात जाते. हा फरक गाडीत घालण्याऐवजी अंगावर घाल. आयएसआयचं, म्हणजे आयएस ४१५१ प्रमाणाचं आणि डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट, खांदे-कोपरांना पॅड असलेलं जॅकेट, तळहाताला जाड थर असलेले हातमोजे, घोटा झाकणारे बूट. शिवाय ट्रॅकवरच्या एखाद्या प्रशिक्षणाचे पैसे बाजूला ठेव. किंवा गाडीच सेकंडहँड घे.

उत्साही: सेकंडहँडची मला भीती वाटते. स्पोर्ट्‌स बाइक बहुधा एकदा तरी पडलेली असतेच.

साशंक: पडलेली ओळखता येते. हँडलच्या टोकांचे बार-एंड आणि लिव्हरची टोकं घासलीत का, पेगचा बाहेरचा भाग घासलाय का ते बघायचं. हँडल पूर्ण वळवून स्टिअरिंगचा स्टॉपर चेपलाय का ते बघायचं, तो चेपला असेल तर मार जोरात बसलेला असतो. पुढच्या फोर्कवर तेल आहे का, मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का. फेअरिंग एकाच बाजूचं नवंकोरं असेल तर कारण विचारायचं. ओरखडा आलेली, पण चौकट सरळ असलेली गाडी शिकायला उत्तम. पुन्हा पडली तरी जीव हळहळत नाही.

उत्साही: पैशाचा हिशेब मान्य. अंगावरच्या सामानाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा, हेही मान्य. पण तुझ्या मूळ म्हणण्याला मोठी हरकत आहे. नवख्याने कुठून सुरुवात करावी याचा कायदा युरोपने केलाय. सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत, मग दोन वर्षांनी पुढची परीक्षा किंवा प्रशिक्षण, त्यानंतर हवी ती गाडी. आरसी ३९० चे ४३.५ पीएस म्हणजे ३२ किलोवॉट. युरोपातल्या अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी जी गाडी चालते, ती मला जास्त का? तेही नको असेल तर मधला मार्ग आहे. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० मध्ये २०२० पासून चार मोड मिळतात. त्या वर्षीच्या गाडीत स्पोर्ट आणि ट्रॅकला ३४ पीएस, तर पाऊस आणि शहराला सुमारे २६. सहा महिने पावसाच्या मोडमध्येच चालवायची. कायद्याने आपल्याकडे टप्पे आखले नाहीत, तर गाडीतच ते आखून मिळतात.

साशंक: युरोप ३५ किलोवॉट देतो, पण कोणाला देतो? ताशी किमान ५० च्या वेगाने अडथळा चुकवून आणि त्याच वेगातून तातडीचा ब्रेक मारून दाखवलेल्या माणसाला. आपल्याकडे आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला की गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळतं, आणि त्याच लायसन्सवर १०० सीसीची गाडीही चालते, हजार सीसीचीही. म्हणून ३५ किलोवॉट हा आकडा तिथून उचलून इथे आणता येत नाही. त्याच्यामागची परीक्षा मागेच राहते. मोडचंही तसंच आहे. पावसाचा मोड चांगला, पण तो बदलायचं बटण तुझ्याच अंगठ्याखाली आहे. तिथला कायदा ते बटण नवख्याच्या हातात ठेवत नाही. रविवारी सकाळी ग्रुपबरोबर निघालीस, पुढचे दोघे वळणामागे दिसेनासे झाले, की त्या क्षणी अंगठा काय करेल?

उत्साही: आणि आर१५ वर अंगठ्याऐवजी मनगट तेच करेल! तीही ताशी १२० च्या पुढे जाते. ज्या रस्त्यावर ६० बरोबर आहे तिथे ९० जशी ३९० वर चूक, तशीच आर१५ वर. छोटी गाडी संयम देत नाही, फक्त मोह थोडा उशिरा येतो. तो संयम मला कमवायचाच आहे, मग कोणत्याही गाडीवर कमवीन. आणि एक गोष्ट तुझ्या हिशेबात कुठेच आली नाही. जी गाडी मनापासून हवी असते, तिच्यासाठीच माणूस पहाटे उठतो. रिकाम्या मैदानात पन्नास वेळा ब्रेकचा सराव करतो, चेन स्वतः साफ करतो, टायरची हवा रोज बघतो. जिच्यावर तडजोड म्हणून बसलोय, तिच्यासाठी कोण एवढं करेल? मी स्वतःला लेखी अटी घालते. ताशी ५० वरून खडूने आखलेल्या रेषेच्या आत सलग दहा वेळा थांबता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना, पाय न टेकता, अरुंद जागेत यू-टर्न घेता आला पाहिजे. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत न्यायला जमला पाहिजे. हे झाल्याशिवाय मोड बदलायचा नाही.

साशंक: तुझ्या या उत्तराला माझ्याकडे सहज उत्तर नाही. आवड नसेल तर सराव होत नाही, हे मी पाहिलेल्या प्रत्येक चांगल्या चालकाबाबत खरं आहे. तुझ्या तिन्ही अटीही योग्य आहेत, कारण त्या मोजता येतात. थांबली की नाही हे खडूची रेष सांगते, तिथे तुझं मत लागत नाही. माझी शंका आता एवढीच उरते की मैदानात मोजता येतं ते कौशल्य. संयम तिथे मोजता येत नाही. तो फक्त रस्त्यावर, फक्त मोहाच्या क्षणी कळतो, आणि तेव्हा परीक्षक आणि परीक्षार्थी तूच असतेस. नवख्याचं सर्वांत कच्चं अंग म्हणजे स्वतःच्या तयारीचा अंदाज. म्हणून मला अशी गाडी हवी वाटते, जिच्यावर तो अंदाज चुकला तरी चुकीची किंमत कमी राहील. आर१५ ही हमी पूर्ण देत नाही, हे तू दाखवून दिलंस. तरी थोडी जास्त देते, एवढंच माझं म्हणणं.

उत्साही: मग निदान कुठे आलो ते पक्कं करू. ३९० मी सोडली. सीसीच्या भीतीने नाही, तर ताकदीखाली माझ्या चुका मलाच दिसणार नाहीत या कारणाने, आणि पैसा अंगावरच्या सामानात, शिकण्यात जास्त कामी येईल म्हणून. तू स्पोर्ट्‌स बाइक नवख्याची नाही हे म्हणणं सोडलंस, कारण चांगली घडण चुका दाखवते. उरल्या दोन गाड्या. दोन्ही चालवून बघेन. पण मन ३१० कडेच ओढतं.

साशंक: आणि मी अजून आर१५ च्याच बाजूचा. फरक कुठे आहे ते मात्र आता स्पष्ट झालंय. तुझ्या मते स्वतःला घातलेली अट पुरेशी आहे. माझ्या मते ती पाळली जातेय का, हे बघणारं दुसरं कोणीतरी हवं. मागून येऊन तुझी रेषा, तुझा ब्रेक लाइट, तुझी घाई बघणारं आणि तोंडावर सांगणारं.

उत्साही: असं कोणी मिळालं, तर मग १५५ की ३१० हा प्रश्न तुझ्यासाठी उरतो का?

साशंक: पुष्कळसा सुटतो. पण आपल्याकडे बहुतेक नवख्यांना तसं कोणी मिळत नाही. कायद्याची परीक्षा आठच्या आकड्यावर संपते, आणि शोरूममधला माणूस फक्त हप्ता किती बसेल ते सांगतो. तोवर मी छोट्या गाडीचाच आग्रह धरणार.

उत्साही: आणि मी म्हणणार, की त्या आग्रहापेक्षा परीक्षा बदलायचा आग्रह धर. छोटी गाडी एका माणसाची चूक स्वस्त करते. चांगली परीक्षा चूक होण्याआधीच पकडते, आणि गाडी कोणतीही असो, प्रत्येकाची पकडते.